‘माहीत नाही’च्या पुढचं वाक्य

ऑनलाइन इंटरव्ह्यूत स्क्रीनवरच्या जर्मन हेड नर्सने प्रश्न विचारला आणि सुनीताने माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेऱ्याच्या मागे उभा होतो. सिरिंज पंप, म्हणजे ठरलेल्या वेगाने औषध देणारं मशीन. त्याचा अलार्म वाजला तर आधी काय कराल, असा प्रश्न होता. सुनीताच्या छोट्या हॉस्पिटलात तसला पंप नव्हताच.

रामनगरात मी जर्मनीला निघालेल्या नर्सेसना जर्मन शिकवतो. त्यांना तिकडे पाठवणाऱ्या एजन्सीच्या सरांनी आधीच फोनवर बजावलं होतं, "‘माहीत नाही’ कुणी म्हणायचं नाही. अडलं की पाठ केलेलं ठोकायचं. तो धडाच गाळा."

"बरं सर," म्हणून मी गाळला.

पण ‘विसन’ हे क्रियापद गाळता येत नाही. विसन म्हणजे माहीत असणं. इश वाइस, मला माहीत आहे. डू वाइस्ट, तुला. एर वाइस, त्याला. बहुतेक क्रियापदांना ‘एर’बरोबर शेवटी ‘ट’ लागतो, याला नाही. कारण हे रूप मुळात घडून गेलेल्या गोष्टीचं. ‘मी पाहिलंय’, म्हणून ‘मला माहीत आहे’. आपल्या ‘वेद’ आणि ‘विद्या’ यांचं मूळही तेच, हे मी वर्गात मोठ्या हौसेने सांगितलं होतं.

तेव्हा सुनीता म्हणाली, "म्हंजे न बघितलेलं ‘वाइस’ म्हणायचं न्हाई, व्हय सर?"

"एरवी नाही. इंटरव्ह्यूत म्हणायचं."

वर्ग हसला. ती हसली नाही. तिचं घर कुळगी गावापलीकडच्या रानात. "आमच्यात स्वतः न चाललेली वाट कुणाला सांगत न्हाईत," ती म्हणाली. "माणूस रानात चुकतंय."

आता मी कॅमेऱ्यामागून हाताने खुणावत होतो. बोल, पाठ केलेलं बोल. तिने माझ्यावरची नजर काढली.

"दास वाइस इश निश्ट." हे मला माहीत नाही.

हेड नर्स रागावली नाही. पुढे झुकून तिने शांतपणे विचारलं, "उंड डान?" मग काय कराल?

 सिनियर सिस्टरला बोलावीन, हे सुनीताला ठाऊक होतं. ते जर्मनमध्ये सांगायचं वाक्य गाळलेल्या धड्यात होतं. 

तिची निवड झाली नाही. घरी तिच्या आईने पासपोर्ट देवापुढे ठेवला होता.

सरांचा फोन आला. "हरिश्चंद्राचा इंटरव्ह्यू होता काय हो? सांगितलं होतं ना?"

मी धडा गाळल्यामुळे ती अडली, एवढंही मी बोललो नाही. पुन्हा "बरं सर"च म्हणालो. आजही तेच जास्त टोचतं.

रविवारी ती वर्गात येऊन बसली. मी म्हणालो, "चूक माझी."

"सर, वाट म्हाईत न्हाई म्हणून माणसाला तिथंच सोडत न्हाईत. ज्याला म्हाईत हाय त्याच्या दारात न्हेऊन सोडत्यात. तेवढं वाक्य द्या."

‘मला माहीत नाही, सिनियर सिस्टरला बोलावते’, हे मी जर्मनमध्ये फळ्यावर लिहिलं. आता प्रत्येक बॅचला पहिल्याच दिवशी शिकवतो. धडा गाळणारा वेगळा असतो, अडणारा वेगळा.

सुनीताला पुन्हा इंटरव्ह्यू कधी मिळेल, मला माहीत नाही. सरांना विचारतो आहे.