व्हायरल आहे, जाईल

पेशंट समोर बसला की डॉक्टर आधी स्वतःच्या कपाळाला हात लावायचे, मग त्याच्या. थर्मामीटर त्यानंतर. मग खुर्चीत मागे रेलून, घसा खाकरून म्हणायचे, "व्हायरल आहे. जाईल."

वारज्यात त्यांच्या दवाखान्याशेजारच्या गाळ्यात माझं औषधांचं दुकान आहे. मधली भिंत इतकी पातळ, की त्यांनी काय लिहून दिलंय ते चिठ्ठी येण्याआधीच मला कळायचं. असा एखादा डॉक्टर तुम्हीही पाहिला असेल, औषधं कमी आणि बोलणी जास्त. कुणी "अँटिबायोटिक द्या ना" म्हटलं, की हे विचारणार, "आपण एमबीबीएस कुठून केलंत?"

एकदा एक आयटीतला तरुण ताप नसताना रजेसाठी सर्टिफिकेट मागायला आला. डॉक्टर म्हणाले, "देतो. पण ते बघून तुमच्या साहेबाला ताप आला, तर त्यालाही माझ्याकडेच पाठवा." तरुणाने खिशातल्या मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं. दोन दिवसांत ते बोलणं गावभर झालं.

नंबर लावणारी मनीषा धावत आत गेली. "सर, तुम्ही व्हायरल झालात!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावून बघितला. "ताप तर नाही."

संध्याकाळी माझ्या काउंटरवर रेलून ते म्हणाले, "अहो मॅडम, व्हायरस हा मुळात लॅटिन शब्द. अर्थ काय, तर विष. आमच्या हाती आला तोवर त्याचा ताप झाला होता. आता म्हणे त्याचं कौतुक झालंय." मग जरा थांबून म्हणाले, "विष उतरतं. तापही उतरतो. हे कसं उतरतं?"

मी हसले. तेही हसले. खोटं कशाला सांगू, त्यांना ते आवडतही होतं थोडं. शर्टाला इस्त्री दिसायला लागली. नारायण पेठेतून एक कुटुंब आलं, कुणालाच काही झालेलं नव्हतं. "आम्हालाही काहीतरी बोला ना," म्हणाले. डॉक्टरांनी फी घेतली आणि म्हणाले, "बोललो असं समजा."

मग एका सकाळी भिंतीवर टकटक झाली. "मॅडम, जरा येता का इकडे?"

आत मांजरी गावाहून आलेल्या एक आजी बसल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. शेजारी सून.

"यांनी बीपीच्या गोळ्या सोडल्यात," डॉक्टर मला म्हणाले. "का, ते विचारा."

"तुमीच सांगितलं की," सून म्हणाली.

"मी? अहो, आज पहिल्यांदा बघतोय मी तुम्हाला."

सुनेने मोबाइल पुढे केला. चित्र त्यांचंच होतं, पांढरा कोट घातलेलं. आधी घसा खाकरल्याचा आवाज आला, अगदी तसाच. मग, "बीपीच्या गोळ्या आजपासून बंद. हा काढा घ्या. मी सांगतोय ना?" इतकी वर्षं भिंतीतून ऐकलेला आवाज तो.

"परत लावा," डॉक्टर म्हणाले. परत ऐकलं. "आवाज माझा आहे. पण मी हे बोललेलो नाही." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "तुम्ही सगळं ऐकत असता. मी असं कधी बोललो का हो?"

"नाही, डॉक्टर. कधीच नाही."

ते आजींसमोर वाकले. "आजी, ते मी नाही. आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात जायचं. आणि गोळ्या पुन्हा कधी सोडायच्या नाहीत."

आजींनी मोबाइलकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. जड जिभेने म्हणाल्या, "त्ये डाक्टर कसं ठाम बोलत्यात. तुमचा आवाज कापतोय. खरं त्येच हाय."

डॉक्टर स्वतः त्यांना रिक्षात घालून घेऊन गेले. आजी वाचल्या. हातातली ताकद मात्र परत आली नाही.

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. "हल्ली मशीनला थोडासा आवाज ऐकवला, की ते वाट्टेल ते बोलून दाखवतं," तिथला अधिकारी म्हणाला. "तुम्हीच खुलासा टाका की." डॉक्टरांनी मनीषाकडून खुलासा रेकॉर्ड करून घेतला. त्याखाली लोकांनी लिहिलं, हा डुप्लिकेट आहे, खरे डॉक्टर असे अडखळत नाहीत.

तेव्हापासून त्यांचं बोलणं आटत गेलं. आधी आवाज बारीक केला, मग कागदावर लिहून दाखवायला लागले. पेशंट वैतागून दुसरीकडे जाऊ लागले. भिंतीतून नुसता पंखा ऐकू यायचा.

एका दुपारी मात्र पलीकडून एकदम त्यांचा आवाज आला. खणखणीत, कुणाला तरी झापणारा, पहिल्यासारखा. मला इतकं बरं वाटलं, की हातातलं काम टाकून मी मान वर केली. डॉक्टर माझ्या काउंटरपुढे उभे होते. खोकल्याच्या गोळ्या घ्यायला आलेले, ओठ मिटलेले. पलीकडे बाकावर कुणीतरी मोबाइल लावून बसलं होतं. आवाज बोलत राहिला, आणि आम्ही दोघं तो संपेपर्यंत भिंतीकडे बघत उभे राहिलो. मग त्यांनी सुटे पैसे ठेवले आणि दवाखान्याकडे न जाता घराच्या रस्त्याला लागले.

दिवाळीनंतर ते झोपेतच गेले. दवाखान्याचं शटर त्यांच्या मुलीने बंद करून घेतलं.

उन्हाळ्यात कसल्याशा नव्या तापाची साथ आली. त्यांनी कधी न पाहिलेल्या त्या तापावर त्यांचा सल्लाही आला. एक गिऱ्हाईक मला तो ऐकवत होतं, तेवढ्यात डॉक्टरांच्या पत्नी दुकानात शिरल्या. मी घाईघाईने म्हटलं, "बंद करा ते."

"राहू दे," वहिनी म्हणाल्या. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला. "मला पाठवता का?"

"वहिनी, खोटं आहे ते."

"माहितीये."

मी पाठवलं. त्या आतल्या स्टुलावर बसल्या आणि फोन आल्यासारखा मोबाइल कानाला लावला. पाणी उकळून प्या, उन्हात हिंडू नका, असं काहीबाही तो सांगत होता. त्या मधूनमधून "हं" म्हणत होत्या. बोलणं संपलं. तरी त्यांनी मोबाइल खाली घेतला नाही. बराच वेळ कानाशी तसाच धरून, रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "बोला ना. ऐकतेय मी."