लाल टोपीची सिरिंज

"दुसरी मुलगी पाठवा हो. हिच्या हातांना मासळीचा वास येतो."

चार नंबर बेडवरच्या काकूंची सून हे मला नाही, इन्चार्ज सिस्टरना म्हणाली. मी समोरच उभी होते, हातात बीपीचं मशीन. वसई पूर्वेचं खाजगी हॉस्पिटल, एसी वॉर्ड, सून एव्हरशाईनच्या फ्लॅटमधली. मी पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, वॉर्डात शिकायला पाठवलेली.

सिस्टर हसल्या. म्हणाल्या, "काय करणार, कोट्यातून येतात. जा गं, धुऊन ये परत."

मी गेले. धुतले. सकाळपासून चौथ्यांदा. खरं तर त्या दिवशी मी मासळीला हात लावलाच नव्हता. आई पहाटे लिलावाला जाते, मी पुस्तक घेऊन बसते. हे त्यांना सांगावंसं वाटलं होतं. आज त्याचीच जास्त लाज वाटते. जणू हात लावला असता तर तो गुन्हा होता.

त्या वॉर्डची एक रीत होती. इंजेक्शनं सिस्टर भरायच्या आणि ट्रेमध्ये ठेवायच्या. टोचायची आम्ही विद्यार्थिनींनी. चार्टवर सहीही आमचीच. कॉलेजात नेमकं उलटं शिकवलं होतं. जी भरेल तीच देईल, जी देईल तीच सही करेल. परीक्षेत ते लिहून मी पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. वॉर्डात मात्र तीन महिने मान खाली घालून दुसऱ्याने भरलेलं टोचत होते.

दोन दिवसांनी, दुपारच्या जेवणाआधी काकूंचं इन्सुलिन होतं. वीस युनिट. सिस्टरनी भरलेली सिरिंज माझ्या हातात दिली. लाल टोपीची. ट्रेमध्ये बाटली होती, काकूंच्या मुलाने बाहेरच्या मेडिकलमधून आणलेली. मी ती उचलून वाचली. शंभरची, म्हणजे एका मिलीत शंभर युनिट.

वॉर्डातली नेहमीची बाटली चाळीसची. लाल टोपीची सिरिंज त्या चाळीसच्या मापाची. शंभरचं औषध अडीचपट तीव्र, त्याला केशरी टोपीची सिरिंज लागते. लाल सिरिंजमध्ये ते वीसच्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात वीस नाही, पन्नास युनिट जातात. साखर धाडकन उतरते. माणूस घामाने भिजतो, बेशुद्ध होतो. जीवही जातो.

मी म्हटलं, "सिस्टर, बाटली शंभरची आहे. सिरिंज चाळीसची."

त्यांनी बाटलीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "तू मला माप शिकवणार? बंदरावर जाऊन पापलेटं मोज."

सून हसली. काकूही थोड्या हसल्या. त्यांना काय माहीत, आपण कशावर हसतोय.

"मी हे देणार नाही," मी म्हटलं.

सिस्टरनी सिरिंज माझ्या हातातून ओढून घेतली आणि स्वतः काकूंची बाही वर केली. मी काकूंच्या दंडावर हात ठेवला. घट्ट. सून ओरडली. मी हात काढला नाही. दुसऱ्या हाताने बाटली सिस्टरच्या डोळ्यांपुढे धरली.

मग त्यांनी वाचलं. चेहरा उतरला. सिरिंज मोडून डब्यात टाकली, वॉर्डबॉयला केशरी टोपीची आणायला पाठवलं. काकूंना बरोबर डोस मिळाला. त्या दुपारी वरणभात जेवल्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात ट्यूटर मॅडमनी बोलावलं. हॉस्पिटलची तक्रार आली होती. पेशंटसमोर उद्धटपणा, सिस्टरच्या कामात अडथळा. माफीनामा टाइप करून तयार होता. बाटलीचा उल्लेख नव्हता, सिरिंजचाही नाही. मॅडम वाईट नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, तुझं बरोबर आहे, मला कळतं. पण सही करून टाक. तुझे वॉर्डचे तास त्यांच्या हातात आहेत."

मी सही केली नाही. तिथेच बसून माझा अर्ज लिहिला. कुठली बाटली, कुठली सिरिंज, कोणी भरलं, किती वाजता. पोच मागितली. त्यांनी अर्ज परत माझ्याकडे सरकवला.

हॉस्पिटलने माझे तास भरून दिले नाहीत. परीक्षेचा फॉर्म परत आला. सहा महिने वाया गेले.

फॉर्म परत आला त्या दिवशी घरी सगळं सांगितलं. वडील जाळं बाजूला ठेवून ऐकत राहिले. आईने एकच विचारलं, "बाय, ती म्हातारी वाचली ना?" आख्ख्या कॉलेजात हे कुणी विचारलं नव्हतं.

मी रडले. पण ते माफी मागण्यासारखं रडणं नव्हतं. मला चूक पकडल्याची शिक्षा झाली नव्हती. ती पकडणारी कोळ्याची पोर होती, याची झाली होती. सिस्टरची चूक झाकायला माझं गैरवर्तन हवं होतं. ते मी त्यांना देणार नाही.

आता पहिल्या वर्षाच्या मुली विचारायला येतात. मी त्यांना दोन्ही सिरिंज दाखवते. सांगते, बाटली स्वतः वाचा, स्वतः भरा, नाहीतर टोचू नका. सिस्टर ओरडल्या तरी नाही.

सोमवारी पुन्हा कॉलेजच्या ऑफिसात जातेय. अर्ज तोच आहे. त्यातला एक शब्दही कमी केलेला नाही. या वेळी पोच मिळेपर्यंत खुर्चीवरून उठणार नाही.