काकाचा मॅन्युअल गिअरबॉक्स

आमचा काका लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे आपोआप चालणाऱ्या कशावरच त्याचा विश्वास नाही. "गिअर गाडीने परस्पर बदलायचा आणि मी नुसतं स्टिअरिंग धरून बसायचं?" म्हणत त्याने आपल्या गाडीतला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून मॅन्युअल बसवायला घेतला. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, म्हणून आधी ती चाकं आणि अ‍ॅक्सल काढले. मग गाडीखाली उताणं पडून नवा गिअरबॉक्स छातीवरून वर रेटला. तो बसला, पण काकाचा डावा खांदा आखडला. आता काका क्लच दाबतो आणि शेजारी बसलेली काकू तिच्या मनाला येईल तो गिअर टाकते.

"मग फरक काय पडला?" मी विचारलं.

"आधीचा गिअरबॉक्स," काका म्हणाला, "निदान बोलत नव्हता."