मेहुण्याची फुग्याची होडी

वडशातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी सोळा वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो. न्यूटनचे तीन नियम मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतात. तरीही माझ्या मुलीला फुग्यावर चालणारी पहिली होडी करून दिली ती माझ्या मेहुण्याने. त्याचं शिक्षण सातवीपर्यंत.

तो माझ्या बायकोचा मोठा भाऊ. तिचं माहेर आमच्यापासून मोटरसायकलवर पाऊण तासावर आहे. गावाला मोठा तलाव. मेहुणा त्यात मासेमारी करतो आणि पावसाळ्यात धानाच्या बांधीत राबतो. मुलगी तेव्हा चौथीत होती. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गेलो असताना त्याने एक जुनी रबरी चप्पल घेतली आणि मासे चिरायच्या सुरीने तिला होडीचा आकार दिला. पपईच्या पानाचा पोकळ देठ कापून नळी केली. देठाच्या एका टोकाला जाळ्याच्या धाग्याने फुगा बांधला आणि तो देठ चपलेवर असा बसवला की त्याचं उघडं टोक होडीच्या मागे, पाण्याच्या वर राहील. मुलीने गाल फुगवून फुगा भरला, टोकावर बोट दाबून धरलं आणि पाण्यात ठेवून सोडलं. होडी सरळ रेषेत कमळाच्या पानांपर्यंत गेली.

मुलगी कपड्यांसकट गुडघाभर पाण्यात शिरली. मी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभा होतो. मला वाटलं, आता ती माझ्याकडे वळून विचारील की हे कसं झालं. ती मामाकडे वळली.

"मामा, आखीन एक बनवा ना."

परत येताना गाडीवर माझ्या पाठीला टेकून ती म्हणाली, "बाबा, तुमाले येते का असं बनवता?"

"मी हेच तर शिकवतो," मी म्हणालो.

"शिकवता नाई. बनवता येते का?"

मी गाडीचा वेग वाढवला.

त्यानंतर दर रविवारी तिला मामाकडे जायचं असायचं. कधी ग्लासभर पाण्यावर पुठ्ठा ठेवून ग्लास उलटा धरायचा आणि पाणी का सांडत नाही ते बघायचं. कधी कोरडा कागद ग्लासाच्या तळाशी कोंबून ग्लास उपडा बादलीत बुडवायचा आणि कागद कोरडाच कसा राहिला ते बघायचं. मेहुण्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. पाण्याशी जन्मभर खेळून त्याला ते माहीत होतं. मुलीने एक वही केली आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मामाचे प्रयोग'. वही मी उघडून वाचली. चित्रं चांगली होती. मी लाल पेन घेतला आणि आतले ऱ्हस्व-दीर्घ सगळे दुरुस्त करून ठेवले. ते करताना मला बरं वाटलं, हे आज कबूल करतो.

मग मी नागपूरहून एक खेळणं मागवलं. प्लास्टिकची देखणी गाडी, चार गुळगुळीत चाकं, वर फुगा बसवायला नळी. आमच्या हॉलच्या फरशीवर ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली. मुलीने दोनदा चालवून पाहिली.

"मस्त आहे," ती म्हणाली आणि गाडी उलटी करून बघू लागली. "बाबा, याचे चाकं निघतात का? मामा गाडी बनवून राह्यला, त्याले पाहिजेत."

बायको स्वयंपाकघरातून हसली. मी जेवायला बसलो. कॉलेजातली शंभर मुलं माझं म्हणणं वहीत उतरवून घेतात. घरातली एक मुलगी मात्र तलावाकडे बघत होती.

होळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा ती गोष्ट घडली. तलावाच्या पायरीवर गावातली सात-आठ पोरं बसली होती आणि मेहुणा त्यांना होडी दाखवत होता. एका मुलीने विचारलं, होडी पुढे काऊन जाते?

"आपण डोंग्यात बसून बांबूनं तळाले ढकलतो ना," मेहुणा म्हणाला, "तसंच हे. फुग्यातली हवा मागच्या हवेले ढकलते, म्हून होडी पुढं जाते."

मी मागे उभा होतो. हे चूक होतं. इतके महिने मी याचीच वाट बघत होतो, हे मला त्या क्षणी कळलं.

"साफ चूक," मी म्हणालो. "मागे हवा नसली तरी होडी जाईल. अवकाशात कुठे आहे हवा? तिथे रॉकेट जातंच ना? माहीत नसलं की पोरांना सांगू नये, भाऊ. सातवी शिकून हे कळत नसतं."

मेहुण्याने होडी पाण्यातून उचलली, फुग्याचं पाणी झटकलं.

"असन भाऊजी," तो म्हणाला. "आमी का शिकलो."

आणि जाळं खांद्यावर टाकून तो घराकडे गेला. मुलगी त्याच्या मागे गेली नाही आणि माझ्याजवळही आली नाही. ती पायरीवरच बसून राहिली.

घरी आल्यावर बायकोने एवढंच म्हटलं, "माह्या भावानं तुमच्याजवळ कधी काई मागतलं का?"

मला जे हवं होतं ते मिळालं. मुलीने रविवारचा हट्ट सोडला. मामाला मोबाइलवर रोज बोलून पाठवायची ते निरोप बंद झाले. वही कपाटात गेली. मला वाटलं, आता माझी पाळी. एका संध्याकाळी मी फुगे, दोरा आणि स्ट्रॉ घेऊन तिच्यासमोर बसलो. खिडकीपासून दारापर्यंत दोरा ताणून त्यावरून फुगा पळवायचा होता. तिने फुगा हातातही घेतला नाही.

"चुकलं तं?" ती म्हणाली.

"चुकलं तर चुकलं, पुन्हा करू."

"मंग मामाले काऊन बोलले तुमी?"

मी दोरा गुंडाळून ठेवला. इतकी वर्षं वर्गात हात वर न करणारी मुलं पाहिली होती. ती तशी कशी होतात हे त्या दिवशी माझ्याच घरात पाहिलं.

पुढच्या रविवारी मी एकटाच गेलो. मेहुणा पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली जाळं सांधत बसला होता. त्याने पोत्याचा अर्धा भाग माझ्यासाठी मोकळा केला. मी काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "भाऊ, त्या दिवशी माझं चुकलं."

"तुमचं बरोबर होतं," तो जाळ्यावरची नजर न काढता म्हणाला. "मी करून पाह्यलं."

"काय पाहिलं?"

"म्हटलं, हवा जर मागं ढकलून राह्यली, तं मागं भिंत असली की होडी जास्त जाईन. म्हून एक डाव पायरीच्या दगडाले पाठ करून सोडली, चार बोटं जागा ठेवून. एक डाव मधात, मोकळ्या पाण्यात. फुगा तेवढाच. दहा डाव केलं. सारखीच जाते." त्याने धागा दातांनी तोडला. "मंग ढकलते कोण तिले?"

मी त्याला अपमान करून उत्तर दिलं होतं आणि त्याने त्या उत्तराची परीक्षा घेतली होती. माझ्या वर्गात हे आजवर कुणी केलं नव्हतं. मीही नाही.

मी समजावू लागलो. फुगलेल्या फुग्यात हवा सगळीकडून सारखी रेटत असते. तोंड उघडलं की त्या बाजूला रेटायला भिंत उरत नाही, समोरच्या बाजूला मात्र असते. म्हणून फुगा पुढे जातो. फुगा हवेला मागे टाकतो, ती टाकली जाणारी हवाच फुग्याला पुढे लोटते. मेहुणा ऐकत होता, पण पटल्यासारखं दिसेना. मग त्याने एकदम जाळं खाली ठेवलं.

"डोंग्यात उभं राहून जाळं फेकतो तवा डोंगा मागं सरकते," तो म्हणाला. "बांबू नाई, वल्हं नाई, पाण्याले हात नाई. जाळं तिकडं, डोंगा इकडं. हेच का थे?"

"हेच ते," मी म्हणालो.

तो मनापासून हसला. मीही हसलो, पण आत तोच जुना काटा पुन्हा टोचला. सोळा वर्षांत मला इतकं नेमकं उदाहरण सापडलं नव्हतं.

सोमवारी मी ते वर्गात सांगितलं. मुलांना लगेच कळलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, हे पुस्तकात कुठी आहे?" ते माझंच म्हणून सांगायचा क्षणभर मोह झाला. मग सांगितलं की हे माझ्या मेहुण्याचं आहे, तो मासे धरतो.

घरी मुलीला सगळं सांगितलं, मी माफी मागितली तेही. तिने ऐकून घेतलं आणि दोन दिवसांनी स्वतःच विचारलं, रविवारी जायचं का.

आता आम्ही तिघं पायरीवर बसतो. गेल्या रविवारी तिने एका होडीच्या दोन बाजूंना दोन फुगे लावले, एक मोठा, एक लहान. होडी सरळ जाण्याऐवजी गोल फिरू लागली. तिने आधी मामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हा क्रम माझ्या लक्षात येतो, अजूनही येतो. मला उत्तर माहीत होतं. मेहुणा डोकं खाजवत होता. मी म्हणालो, "मोठा फुगा काढून बघ, मग कुणीकडे फिरते ते," आणि ती पाण्यात उतरली.