उमरेडच्या लग्नातला एक फोटो

मंडळी, आज सकाळी उमरेडहून एक बाई पत्ता शोधत आमच्या मनीषनगरच्या घरी आल्या. पन्नाशीच्या असतील.

"काकाजी, माह्या आत्याच्या लग्नात तुम्ही बाबाचा फोटो काढला होता. पंगतीत मी त्यायच्या मांडीवर होती. फ्लॅश चमकला तं मी दचकली होती. बाबा त्याच वर्षी गेले. दुसरा फोटोच नाही त्यायचा. निगेटिव्ह असन का?"

मला तो माणूस आठवला. फोटोसाठी कुणाचा तरी कंगवा मागून त्यानं भांग पाडला होता.

रोल तेव्हा बारा फोटोंचा. माझा शेवटचा रोल पंगत बसायच्या आधीच संपला होता. लोक नाराज होऊ नयेत म्हणून आम्ही फोटोग्राफर मग नुसताच फ्लॅश मारायचो.

तरी मी तासभर जुने डबे उघडून दाखवले. "नाही सापडत," म्हणालो.

दारात त्या थांबल्या. "बाबानं डोळे तं नव्हते मिटले?"

"नाही वं पोरी. हसत होते."

हे मात्र खरं होतं.

 

तुमच्याही घरी असा एखादा फोटो असेल. काढलेला सगळ्यांना आठवतो, सापडत कुणालाच नाही. तो फार शोधू नका.