थोरल्या मालकांची कवळी

"बेचाळीस दिवस! दोन सुळे बसवायला बेचाळीस दिवस लागतात?"

"बसवायला दोन मिनिटं लागतात. पण रोज बसवायचे आणि रोज काढायचे आहेत."

"मग काढेल की कुणीतरी! दोनशे माणसं कामाला आहेत तिथे. त्यात एकालाही दात काढता येऊ नयेत?"

"नाही येणार."

"का?"

"नाही येणार म्हणजे नाही येणार."

रविवारची दुपार होती. भांडण शनिवारच्या चहाला सुरू झालं होतं आणि मध्ये झोपेपुरतंच थांबलं होतं. नवरा पाणीपुरवठा कचेरीतून निवृत्त झालेला, त्यामुळे कागद वाचायची सवय अजून गेली नव्हती. चष्मा नाकावर सरकवून त्याने सिनेमा कंपनीचं पत्र तिसऱ्यांदा वाचलं.

"हे बघ. 'तयार वस्तू मेकअप विभागाच्या स्वाधीन करावी.' स्वाधीन करावी! म्हणजे डबी द्यायची, सही घ्यायची, घरी यायचं. तुला बोलावलंच नाहीये कुणी. तूच मागे लागून चालली आहेस."

"बाबा," कपड्यांच्या घड्या घालत मुलगी म्हणाली, "आई थोरल्या मालकांबरोबर पळून चाललीय, एवढं साधं कळत नाही का तुम्हाला?"

"तू गप बस गं."

खिडकीजवळच्या खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या, "पळायचं तर अकरा वर्षांपूर्वी पळायचं. आता त्याचेही गुडघे गेले असतील."

मुलगी हसली. कवळीबाई हसल्या नाहीत. त्यांची अडचण एवढीच होती की त्यांना कारण सांगता येत नव्हतं, आणि कारण तर एका ओळीचं होतं: टीव्ही मालिकेत थोरल्या मालकांचं काम करणाऱ्या नटाच्या वरच्या जबड्यात स्वतःचा एकही दात नव्हता.

कवळीबाई हे नाव त्यांना शहरातल्या दंतवैद्यांनी पाडलं होतं. दंतवैद्य माप घेत, कवळी या बनवत. हे काम त्या मामाकडे शिकल्या. मामाचा हात थरथरायला लागला, तेव्हा त्याने भाचीचा हात वापरायला घेतला आणि मग परत केला नाही. घरामागची खोली सव्वीस वर्षं त्यांची होती. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, टेबलावर मेणाची ताटली, घासायची मोटर, आणि दाराच्या चौकटीवर कितीही पुसली तरी बसणारी पांढरी पूड. वरच्या कवळीत चौदा दात असतात, अक्कलदाढा कुणी लावून घेत नाही, हे त्या नव्या गिऱ्हाइकाला एकदा सांगत. त्यापलीकडे फारसं बोलत नसत.

मालिकेचं काम त्यांच्याकडे आलं ते असंच एका दंतवैद्यामार्फत. टेकडीवरचा बंगला, त्यात तीन भाऊ, त्यांच्या बायका, किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या कमरेला असावा यावरून रोजची धुसफूस, आणि तळघरात शवपेटीत झोपणारे दोनशे वर्षांचे थोरले मालक. जावा-जावांचं भांडण ऐन रंगात आलं की ते जिना चढून वर येत आणि कुणाच्या तरी मानेचा चावा घेत. आठवड्यातून पाच दिवस, अकरा वर्षं. सासूबाईंनी एकही भाग चुकवला नव्हता. त्यांना रक्तात रस नव्हता. दोनशे वर्षांचा माणूस घरात असून सगळ्यांचं ऐकून घेतो आणि शेवटी एकदाच बोलतो, हे त्यांना आवडत असे.

पहिली तीन वर्षं सुळे म्हणजे नुसत्या टोप्या होत्या, नटाच्या स्वतःच्या दातांवर बसणाऱ्या. मग त्याच्या हिरड्या बिघडल्या. चौथ्या वर्षी त्याने भलतंच कारण सांगून रजा मागितली आणि लेखकाने थोरल्या मालकांना सहा आठवडे शवपेटीत ठेवलं. पेटीला मंत्राचं कुलूप लागलं, असं प्रेक्षकांना सांगितलं गेलं. त्या सहा आठवड्यांत नटाचे वरचे सगळे दात काढून झाले. ज्या दंतवैद्याने काढले तो पुढे वारला. त्यानंतर ही गोष्ट नटाला आणि कवळीबाईंना, दोघांनाच ठाऊक होती.

त्यांनी दोन कवळ्या केल्या, एक रोजची आणि एक सुळ्यांची. सुळ्यांची कवळी कोटाच्या आतल्या खिशात असे. चावायची वेळ आली की थोरले मालक सगळ्यांकडे पाठ करून खिडकीशी उभे राहत. व्हायोलिन वाजे, कॅमेरा धाकट्या जावेच्या घाबरलेल्या चेहऱ्यावर जाई, आणि तेवढ्यात ते एक काढून दुसरी बसवत. त्याला नऊ सेकंद लागत. ही पाठ लोकांना फार आवडली. शाळेच्या पटांगणात मुलं एकमेकांकडे पाठ करून नऊ आकडे मोजायला लागली. एका वर्तमानपत्राने लिहिलं की त्या पाठीत दोन शतकांचा एकटेपणा दिसतो. कवळीबाईंनी ते वाचलं आणि तो कागद फळीवर अंथरला.

आता मालिका बंद झाली होती आणि तिचा सिनेमा निघत होता. अडीच हजारांहून जास्त भागांचे दोन तास दहा मिनिटं करायचे होते. दिग्दर्शक तरुण होता. त्याने मधल्या भावाला कुटुंबासकट काढून टाकलं, दोन लग्नं काढली, तीनदा मेलेल्या आतेबहिणीला एकदाच मारलं. किल्ल्यांचा जुडगा तेवढा ठेवला.

आणि पाठ काढली.

हे सांगायला नट स्वतः मागच्या दाराने आला. मफलर, काळा चष्मा, हातात छत्री. ओळखू येऊ नये म्हणून इतकी तयारी की समोरच्या दुकानदाराने दोनदा वळून पाहिलं.

"ताई, पाठ गेली."

"म्हणजे?"

"फिरवायचीच नाही. म्हणतो, सिनेमाला लोक तोंड बघायला येतात. कॅमेरा चेहऱ्यावर राहणार आणि सुळे वाढताना दिसले पाहिजेत. सलग. मध्ये कापाकापी नाही."

"कॉम्प्युटरवर करतात ना आता हे सगळं?"

"त्याला ते नकोय. ते लगेच ओळखू येतं म्हणतो. मालिकेची घरगुती भीती हवी त्याला." नट स्टुलावर बसला. "नाही जमलं तर त्याच्या डोक्यात दुसरा एक मुलगा आहे. चौतीस वर्षांचा. स्वतःचे दात आहेत त्याला."

शेवटचं वाक्य त्याने एखाद्याचा जमीनजुमला सांगावा तसं सांगितलं. तो एकसष्ट वर्षांचा होता, कंपनीच्या कागदावर बावन्न. अकरा वर्षांत दुसरं एकही काम त्याने केलं नव्हतं. थोरले मालक गेले तर त्याला कुणी पोस्टमनचं कामसुद्धा देणार नाही, हे तो जाणून होता. दार उघडून पत्र घेणारी बाई किंचाळेल, अशी त्याची खात्री होती.

कवळीबाईंनी फळीवरून त्याचा जबडा खाली काढला. त्यावर पेन्सिलीने 'मामी' असं लिहिलं होतं. मामीला जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिच्या जबड्याकडे कुणी लक्ष देणार नव्हतं. त्यांनी तो बराच वेळ हातात फिरवला.

"त्या मुलाला हे जमणार नाही," त्या म्हणाल्या.

"का?"

"त्याचे दात हाडात रुतलेत. ते जागचे हलायचे नाहीत. तुमचं तसं काही नाही. तुमचं सगळं मी ठेवीन तिथे राहतं."

टाळूवर जिभेला लागेल अशी एक बारीक पट्टी बसवायची, ती दाबली की दोन्ही सुळे खाचेतून खाली सरकायचे, सोडली की वर जायचे, अशी कल्पना होती. पेनातली स्प्रिंग फार ताठ निघाली. मग वेड्यावाकड्या दातांना लावतात ती तार त्यांनी पीळ देऊन बसवली. सतराव्या दिवशी सुळे हातात सरकायला लागले. पण हातात सरकणं वेगळं आणि तोंडात वेगळं. दिवसभर घालून बोलणारं, चहा पिणारं तोंड हवं होतं. नटाला रोज बोलावणं शक्य नव्हतं.

घरात तसं एकच तोंड होतं. सासूबाईंची कवळी सुनेनेच केलेली होती. घराबाहेर मात्र हे कुणाला माहीत नव्हतं. बागेतल्या बाकावर संध्याकाळी त्यांच्या चार मैत्रिणी जमत आणि सासूबाई तिथे गेली सात वर्षं "माझे अजून शाबूत आहेत" असं सांगत आल्या होत्या.

कवळीबाईंनी तीच यंत्रणा सासूबाईंच्या मापाच्या कवळीत बसवली. "आई, नवीन प्रकारची करून बघतेय. तीन दिवस घालून बघा."

पहिल्याच सकाळी सासूबाई चहा पिता पिता "साखर" म्हणाल्या आणि सुळे खाली आले. नवरा आंघोळीला गेला होता, मुलगी कामावर. सासूबाईंनी कपाटाच्या काचेत पाहिलं. ओरडल्या नाहीत. जीभ दाबून पाहिली, सोडून पाहिली, पाच-सहा वेळा.

"आवाज येतो," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"डावीकडे. टक् असा. आणि साखर मागितली की येतात. मीठ मागितलं तर नाही येत."

कवळीबाईंनी खाच घासली, पट्टी केसभर मागे घेतली. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी साखर, सासर, सकाळ असं सगळं म्हणून दाखवलं आणि सुळे जागचे हलले नाहीत. मग कवळी रुमालात गुंडाळून परत दिली. हे कशासाठी, कुणासाठी, काही विचारलं नाही.

शेजारच्या घरात कुकर किती वेळा वाजला हेसुद्धा भाजीवालीला सांगणाऱ्या बाईने काही न विचारणं, हे कवळीबाईंना चांगलं लक्षण वाटलं नाही. ते तिन्ही दिवस कवळीबाई संध्याकाळी खिडकीतून समोरच्या बागेतल्या बाकाकडे बघत राहिल्या.

दिग्दर्शक मात्र खूश झाला. सुळे नटाच्या दातांवरच बसवलेत, अशी त्याची समजूत होती. कवळीबाईंनी एकच अट घातली: यंत्र नाजूक आहे, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मी स्वतः येईन. मेकअपवाल्याच्या हातात ती वस्तू पडली असती तर त्याने दोनाच्या जागी चौदा मोजले असते, आणि दुपारपर्यंत चौतीस वर्षांच्या मुलाला फोन गेला असता. दिग्दर्शकाने फोनवर होकार दिला. कंपनीचं पत्र छापील होतं, ते तसंच आलं. चित्रीकरण दोन दिवसांच्या अंतरावरच्या एका रिकाम्या बंगल्यात होतं.

"मी काही जाऊ नको म्हणत नाही," नवरा आता म्हणत होता. अशी सुरुवात झाली की तो जाऊ नको म्हणणार, हे घरात सर्वांना माहीत होतं. "पण कारण सांग. बत्तीस वर्षांच्या संसारात मी कधी कारण लपवलंय?"

"तुम्हाला कधी कारणच नव्हतं, अहो. तुम्ही नुसतंच करायचात."

"बघ, बघ कशी बोलते! आई, तू ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," सासूबाई म्हणाल्या. "कारण मी सांगते."

कवळीबाईंच्या हातात टॉवेल होता. तो त्यांनी घडी न घालताच खाली ठेवला.

"मीच तिला जायला सांगितलंय," सासूबाई म्हणाल्या.

"तू?"

"सिनेमा काढताहेत तो काढताहेत, वर पाठही काढली म्हणे. निदान माणूस तरी नीट दिसू दे. भलत्याने तोंडात हात घातला की चेहरा बदलतो. माझा नव्हता बदलला? पहिली कवळी दुसऱ्याच कुणाकडून करून घेतली होती तेव्हा आठवड्यात ओठ आत गेला. आरशात माझी सासू दिसायला लागली मला."

"पण आजी, तुझी कवळी आहे," मुलगी म्हणाली. "त्यांचे नुसते दोन सुळे आहेत."

"दोन काय नि चौदा काय."

"चौदा कुठून आले?"

"आले कुठून तरी. तू घड्या घाल."

नवऱ्याने पत्राची घडी केली. आईने सांगितलंय म्हटल्यावर त्याने ते पाकिटात सरकवलं. त्याने पाणी मागितलं आणि कुणी उठेना तेव्हा स्वतःच उठला.

सासूबाई औषधाच्या गोळीच्या निमित्ताने स्वयंपाकघरात आल्या. कवळीबाई ओट्याशी उभ्या होत्या.

"कधी कळलं तुम्हाला?"

"गोळी दे आधी." त्यांनी गोळी गिळली. "पूर्वी तो दात दाखवून हसायचा. शवपेटीतून आला तो वरचा ओठ धरूनच हसायला लागला. मीही तशीच हसते."

"आई, बाकावर जर—"

"बाकावर मी माझंच अजून सांगितलं नाही, त्याचं कशाला सांगू?"

एवढं बोलून त्या खुर्चीत परत गेल्या.

कवळीबाईंनी मागच्या खोलीत जाऊन मोटरची वायर काढली, मेणाची ताटली झाकली आणि 'मामी' लिहिलेला जबडा कपड्यात गुंडाळून बॅगेत तळाशी ठेवला. त्या बाहेर आल्या तेव्हा मुलगी विचारत होती, "मग आई, पडद्यावर तुझं नाव येणार ना? सुळे, अमुक तमुक? तू शोधून काढलेत ते."

कवळीबाईंनी टॉवेल उचलला, घडी घातली, ढिगावर ठेवला.

"उद्या सकाळी सातच्या गाडीने मी निघतेय," त्या म्हणाल्या. "बेचाळीस दिवस. दंतवैद्यांचे फोन आले तर काम बंद आहे म्हणून सांगा. आईंची कवळी रात्री पाण्यात ठेवायची, गार पाण्यात, गरम नाही. स्वयंपाक तुम्ही दोघं बघा. आणि नाव येणार नाही, मी नको म्हणून कळवलंय. शोधत बसू नका."