आधी पोरं, मग मेंढरं

तात्याबाच्या कळपातलं एकही मेंढरू जंताच्या औषधावाचून गाव सोडत नाही. दरवर्षी जतकडून कृष्णाकाठी उतरण्याआधी तो कोकरापासून एडक्यापर्यंत प्रत्येकाचा जबडा धरून औषध ओततो. पाजून झालं की कपाळावर निळ्या रंगाचं बोट, म्हणजे एखादं चुकून राहत नाही. हरणाबाई त्याची सून.

गेल्या वर्षी त्यांचा तळ इस्लामपूरजवळ, तोडणी झालेल्या उसाच्या रानात होता. हरणाबाईची चार वर्षांची सोनिया बरेच दिवस पोट दुखतं म्हणत होती. एका सकाळी तिच्या उलटीतून वीतभर लांब जंत पडला. तात्याबाने मेंढरांची बाटली काढली आणि कोकराचं माप नातीला पाजलं.

दुसऱ्या दिवशी पोट टम्म फुगलं. उलटी हिरवी होऊ लागली, शी बंद झाली. तात्याबाने चुलीत विळा तापत घातला.

"डाग दिला की उतरंल," म्हणत त्याने स्वतःचा सदरा वर करून पोटावरचा डाग दाखवला. "ह्यो बघ, माझ्या आईनं दिलेला. मेलो का मी?"

"तुमच्या पाठची दोन भावंडं गेली, मामंजी. त्यास्नी बी डागलंच हुतं."

तिने घागर उचलून चुलीवर ओतली.

"लय शानी झालीस! ह्या तळावर कुणाचं ऐकायचं?"

"तुमचं. म्हून तर तळ सोडून निघाले."

नवरा पप्पू बापाकडे बघत राहिला. हरणाबाईने लेकीला पाठीशी बांधलं आणि सडकेवर उसाचा रिकामा ट्रॅक्टर अडवला.

इस्लामपुरातल्या दवाखान्यात सर्जन भडकले. जंतांचा गुंता आतड्यात घट्ट अडकला होता. "जनावराचं औषध लेकराला? एवढे जंत एकदम लुळे पडले की गोळा होऊन अडकणारच. त्यात आणलंत किती उशिरा!"

"शिव्या मागनं घाला, सायेब. आदी पोट बघा."

ऑपरेशनमध्ये आतड्याचा काळा पडलेला तुकडा कापावा लागला. सोनिया वाचली. जंतांची अंडी मातीतून, न धुतलेल्या हातांतून पोटात जातात, हे डॉक्टरांनी नंतर शांतपणे सांगितलं. वर म्हणाले, "गोळी अंगणवाडीत फुकट मिळते."

"मिळती की, गावाकडं. पर आमी हितं उसात असतो तवा."

यंदा निघायच्या आधी हरणाबाई गावच्या उपकेंद्रात जाऊन बसली. गोळ्यांचा दिवस अजून लांब आहे, असं नर्सबाई म्हणाल्या.

"मग त्या दिवशी तुमी रानात या हुडकत. न्हाईतर आत्ता द्या."

नर्सबाई दुसऱ्या दिवशी गोळ्या घेऊन वस्तीवर आल्या. तात्याबा औषधाची बाटली घेऊन वाघुरीपाशी, मेंढरांच्या जाळीच्या कुंपणापाशी, उभा होता. वाघुरीच्या तोंडावर हरणाबाई आडवी बसलेली.

"सरक. मेंढरं उन्हात तापल्यात."

"तापू द्यात. आदी पोरं."

"माणसाची अन् जनावराची एकच रांग लावतीस व्हय?"

"एक कुठं? जनावरांची तर कवाची हाय. पोरांची आज लावली."

वस्तीवरच्या पोरांनी नर्सबाईंसमोर गोळ्या चघळल्या. सोनियाने आपली संपवली आणि आजोबापुढे कपाळ केलं. "आज्या, माझं बोट ऱ्हायलं."

तात्याबाने सुनेकडे पाहिलं.

"लावा," हरणाबाई म्हणाली. "समद्यांना लावा. एक बी सुटाय नगो."

शेवटच्या पोराच्या कपाळावर निळं बोट उमटलं, तेव्हा ती वाघुरीच्या तोंडावरून उठली.